होतकरू मल्लाचा पवित्रा आणि अंगाची लवचिकता

इंदूर शहराच्या पश्चिमेकडील मल्हारगंज या जुन्या वस्तीला सुभेदार मल्हारराव होळकर यांचे नाव लाभलेले आहे. राजवाड्याकडून या बाजूस निघाले म्हणजे अरुंद बाजारपेठ ओलांडून बडा गणपतीच्या मंदिराशी येता येते. तेथील सुमारे २५ फूट उंचीची गणेशमूर्ती पाहण्यास दूरदूरचे भाविक येतात. या जुन्या इंदुरात मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात, आणि तालमीच्या भाषेत तर त्यांची वेगळी ओळखही उरत नाही. मराठी घरातील मुलगा ज्याला वस्ताद म्हणतो, त्यालाच त्याचा जोडीदार उस्ताद म्हणतो. एकाचा पवित्रा तो दुसऱ्याचा पैंतरा. नागपंचमीस आखाड्यांतून पूजन होते व कुस्त्या लागतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या झांक्यांच्या मिरवणुकीत शहरातील आखाडे आपापली कला दाखवीत चालतात. शस्त्र फिरवणाऱ्या मोठ्या पठ्ठ्यांच्या मागे दहा-बारा वर्षांची मुलेही त्या मिरवणुकीत असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो या मुलांचाच. किंबहुना त्यांच्यापैकी जी दीड-दोन वर्षे तालमीत काढून मधल्या टप्प्यावर येऊन ठेपली आहेत, त्यांचा. नवशिक्याचे कौतुक होते आणि नामांकित मल्लाला मान मिळतो. परंतु ज्याला चार डाव येतात, ज्याची मेहनत नियमित आहे आणि तरीही जो जोड लागताच एकेरी पटाला बळी पडतो, अशा होतकरू मुलाकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याला आणखी जोर आणि आणखी बैठका सांगितल्या जातात. तो त्या मारतो. तथापि त्याचा पवित्रा सुधारत नाही आणि काही महिन्यांनी तो तालमीत येईनासा होतो. वस्तुतः अशा मुलाची उणीव पुष्कळदा ताकदीची नसते. त्याचे घोटे, जांघा आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो, आणि त्यामुळे योग्य पवित्रा घेणे त्याच्या शरीराला शक्यच होत नसते. ही गोष्ट वेळीच ओळखली गेली नाही तर मुलाची उमेद जाते, आणि प्रसंगी गुडघाही जातो.

पवित्रा म्हणजे काय

पवित्रा म्हणजे प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहण्याची केवळ ढब नव्हे. ज्या स्थितीतून मल्लाला पुढे, मागे वा बाजूस कोणत्याही क्षणी सरकता येईल आणि जिच्यातून त्याला सहजासहजी ढकलता वा ओढता येणार नाही, ती स्थिती म्हणजे पवित्रा. यातील शास्त्र सरळ आहे. शरीराचा भारमध्य जितका खाली आणि दोन पावलांनी आखलेल्या जागेच्या जितका आत, तितके शरीर स्थिर. मात्र पावले फार फाकली तर स्थिरता मिळूनही चपळता जाते, आणि फार जवळ घेतली तर त्याच्या उलट घडते. म्हणून पावलांत साधारणतः खांद्यांइतके किंवा किंचित अधिक अंतर ठेवावे, एक पाऊल अर्धे पुढे असावे, गुडघे वाकलेले व पंजांच्या दिशेने रोखलेले असावेत, कंबर मागे, पाठ सरळ, कोपरे बरगड्यांशी आणि नजर वर असावी. भार पंजांवर असावा, पण टाचा जमिनीला विसरलेल्या नसाव्यात.

चालताना ज्या दिशेस जायचे त्या बाजूचे पाऊल आधी टाकावे. पायात पाय अडकेल असे पाऊल कधीही टाकू नये. हे वाचताना क्षुल्लक वाटते. परंतु प्रतिस्पर्ध्याने दस्ती ओढताच दहांपैकी आठ मुले नेमकी हीच चूक करतात आणि त्याच क्षणी त्यांचा पट निघतो.

माती आणि मॅट यांच्या पवित्र्यांतही फरक आहे. ताक, तेल, हळद, लिंबू आणि काव घालून मळलेल्या हौद्यातील लाल माती पावलाला धरून ठेवते. तेथे कुस्ती लांबते, हातांची झोंबाझोंबी अधिक होते आणि मल्ल काहीसा ताठ उभा राहिला तरी चालून जाते. मॅटवर ९ मीटर व्यासाच्या वर्तुळात प्रौढ गटाची लढत ३ मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आटोपते. तेथे पायांवरील हल्ला विजेच्या वेगाने येतो आणि ताठ उभ्या राहणाऱ्याला क्षमा नसते. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटशी आणि आंतरराष्ट्रीय नियमांशी जुळवून घ्यावे लागले. फ्लायवेट गटात त्यांना सहावा क्रमांक मिळाला. पुढील चार वर्षांच्या साधनेनंतर १९५२ साली हेलसिंकी येथे बॅंटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. मातीचे संस्कार मॅटवर निरुपयोगी ठरतात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पाया तोच असतो, पण तो अधिक खाली न्यावा लागतो, आणि खाली जाण्यासाठी सांधे मोकळे असावे लागतात.

लाटेवरचा भाऊबंद

पवित्र्याचा हा विचार केवळ आखाड्यापुरता नाही. टोकियो ऑलिंपिक २०२० सालचे, परंतु महासाथीमुळे ते २०२१ मध्ये भरले. त्यात सर्फिंग, म्हणजे समुद्राच्या लाटेवर फळीवर उभे राहून घसरण्याचा खेळ, प्रथमच समाविष्ट झाला. गोव्याच्या किनाऱ्यावरही आता हा खेळ शिकविला जातो. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मल्हारगंजात या खेळाचा उल्लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, सर्फिंगमधील होतकरू खेळाडू जी चूक करतो, तीच चूक कुस्तीतील होतकरू मल्ल करतो. दोघांनाही ‘खाली जा’ असे सांगितले की ते गुडघे आणि जांघा न वाकवता कमरेतून पुढे झुकतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते खाली गेल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात पाठ गोल होते, मान खाली जाते, भार पंजांच्याही पुढे सरकतो आणि पहिल्याच हिसक्याला तोल जातो. फळीवरील माणूस पाण्यात पडतो, हौद्यातील माणूस मातीत.

दोन्ही खेळांतील साम्य येथेच संपत नाही. सर्फिंगमध्ये फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारीत लाट गाठावी लागते आणि लाट उचलताच दोन्ही हातांवर शरीर उचलून, पाऊल छातीखाली आणून, एका झटक्यात उभे राहावे लागते. जोर मारताना छाती उचलून पाठीला दिलेला बाक आणि सूर्यनमस्कारात पाऊल दोन्ही हातांच्या मध्ये आणण्याची हालचाल ज्याने वर्षानुवर्षे केली आहे, त्याला यात नवे असे थोडेच वाटेल. जे पाऊल हातांच्या मध्ये येत नाही, मागेच राहते, त्याचे कारण बहुधा आखडलेली जांघ हेच असते.

एक गमतीचा भेद मात्र सांगण्यासारखा आहे. सर्फिंगमध्ये बहुसंख्य लोक डावे पाऊल पुढे ठेवून उभे राहतात, तर कुस्तीत उजव्या हाताचा मल्ल सामान्यतः उजवे पाऊल पुढे ठेवतो. फळीवर मागचा पाय सुकाणूचे काम करतो. हौद्यात पुढचा हात आणि पुढचा पाय पकडीसाठी झेपावतात. काम बदलले की पाऊल बदलते. आपला स्वाभाविक पवित्रा कोणता, हे ज्याला ठाऊक नाही अशा मुलाला वस्तादाने नकळत मागून हलकेच ढकलून पाहावे. तोल सावरण्यासाठी जे पाऊल आपोआप पुढे पडते, त्यावरून अंदाज येतो. हा अंदाजच असतो. शेवटी डाव कोणते बसतात त्यावरून पवित्रा ठरवावा. होतकरू अवस्थेत मुलाला दोन्ही पवित्र्यांत चालता आले पाहिजे, हे मात्र निर्विवाद.

शरीर कोठे अडते

प्रथम घोटा. गुडघा पंजाच्या पुढे नेताना नडगी पुढे झुकावी लागते आणि हा झुकाव घोट्यातून मिळतो. घोटा ताठ असेल तर दोनच मार्ग उरतात. एकतर टाच उचलली जाते, नाहीतर पाऊल आत कलंडून गुडघाही आत पडतो. दुसरा प्रकार अधिक घातक. गुडघ्याच्या आतील बंध नेमके याच स्थितीत ताणले जातात आणि वर प्रतिस्पर्ध्याचा भार आला म्हणजे इजा होते. घोट्याची परीक्षा कोणत्याही भिंतीशी करता येते. मुलाने अनवाणी उभे राहून पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटर दूर ठेवावा आणि टाच न उचलता त्याच पायाचा गुडघा भिंतीला टेकवून पाहावा. टेकला तर उत्तम. टेकला नाही तर अंगठा भिंतीजवळ सरकवीत जावे आणि ज्या अंतरावर गुडघा टेकतो तेथे जमिनीवर खडूने रेघ ओढून ठेवावी. दोन्ही पायांच्या रेघांत ठळक अंतर आढळले तर आखडलेल्या बाजूकडे अधिक लक्ष द्यावे. दोन्ही घोट्यांची एकदम परीक्षा करू नये. मुले कमरेला वळसा देऊन फसवितात, आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही.

येथे जुन्या बैठकीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. आखाड्यातील पारंपरिक बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात आणि मल्ल पंजांवर तोलला जातो. या बैठकीने मांड्या पोलादी होतात, दम वाढतो, यात शंका नाही. पण टाच उचलूनच बैठक घ्यायची म्हटले की घोट्याला पुढे झुकण्याची सवय राहत नाही. सबब, नेहमीच्या बैठकांना हात न लावता, त्यांच्या जोडीला टाचा टेकवून संथपणे खाली जाण्याच्या थोड्या बैठका ठेवाव्यात. आपल्याकडे शेतात, स्वयंपाकघरात, चुलीपुढे लोक पूर्वी तासन्‌तास उकिडवे बसत. त्यांना ही बैठक शिकवावी लागत नसे. आज शाळेत बाक, घरी खुर्ची आणि दुचाकीवर आसन अशा जीवनक्रमात वाढलेल्या मुलाला दोन मिनिटे उकिडवे बसणे जड जाते. हा दोष मुलाचा मानता येत नाही.

दुसरे स्थान जांघेचे. मांडीचा वरचा गोल टोकाचा भाग खुब्याच्या वाटीत फिरतो. तेथे मोकळेपणा नसेल तर खाली जाताना कंबर गोल होते. जांघेच्या आतील स्नायूंचा ताण व मांडीमागच्या शिरांचा ताठरपणा या दोहोंची येथे भर पडते. तिसरे स्थान पाठीच्या वरच्या भागाचे. दप्तराच्या ओझ्याने आणि हल्ली हातातील मोबाइलवर मान घालून बसण्याने हा भाग पुढे वाकलेला राहतो. मग ‘नजर वर’ असे कितीही ओरडून सांगितले तरी मुलगा केवळ मान उचलतो. छाती खालीच राहते.

वाढीचे वय

या सर्वांवर कडी करणारी गोष्ट म्हणजे वाढीचे वय. मुलींमध्ये साधारणपणे अकरा ते तेरा आणि मुलांमध्ये तेरा ते पंधरा या वर्षांच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते. मुलांच्या बाबतीत एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटरची भर पडणे अपवादात्मक नाही. हाडे लांबतात, पण स्नायू आणि त्यांचे कंडरे त्या वेगाशी लगेच जुळत नाहीत. परिणामी गतवर्षी ज्या मुलाचे हात सहज पावलांना लागत होते, त्याचेच हात यंदा नडगीपर्यंत थांबतात. त्याचे पाय त्यालाच लांब वाटू लागतात, पावले अडखळतात, शिकलेला पवित्रा बिघडतो. वस्तादाला वाटते, मुलगा आळशी झाला; वडिलांना वाटते, त्याचे लक्ष उडाले. मुलाला स्वतःला काय वाटते हे सहसा कोणी विचारीत नाही. हा काळ सामान्यतः वर्ष-दीड वर्षाचा असतो आणि तो ओसरतो. या अवधीत नवे अवघड डाव आणि मोठ्या वजनाचे जोड टाळून पवित्रा, पावले व लवचिकता यांवर भर दिला, तर पुढे तोच मुलगा लांब हातापायांचा लाभ घेऊ शकतो.

याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकाशी, दुखरा उंचवटा येण्याची तक्रार पुष्कळ आढळते. डॉक्टर तिला ऑस्गुड-श्लॅटर विकार म्हणतात. मांडीच्या पुढील स्नायूचा कंडरा वाढत्या हाडाला जेथे जोडलेला असतो तेथे वारंवार ओढ बसल्याने तो उद्भवतो. बहुधा वाढ पूर्ण होताच तो आपोआप शमतो. तोवर उड्या आणि खोल बैठका यांचे प्रमाण उतरवावे लागते. अशा मुलाला ‘दुखणे अंगावर काढ, मग पैलवान होशील’ असे सांगणे हा शहाणपणा नव्हे.

मल्लखांबाचा आधार

अंगाला लवचिकता आणण्याचे साधन आपल्याकडे पूर्वापार आहे आणि त्याच्या नावातच मल्ल आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लखांबाचा उल्लेख आढळतो. पुढे मागे पडलेल्या या विद्येचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी केले. निजामाच्या राज्यातून आलेल्या दोन नामांकित मल्लांचे आव्हान पुण्यात कोणी स्वीकारीना, तेव्हा तरुण बाळंभटांनी मुदत मागून घेतली, सप्तशृंगीच्या डोंगरावर साधना केली आणि लाकडी खांबावर पकडी घोटून ते परतले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील दैवी साक्षात्काराचा भाग बाजूस ठेवला तरी मर्म शिल्लक राहते: खांब हा मल्लाचा जोडीदार होता. तो ढकलत नाही, थकत नाही आणि चुकीच्या पकडीला मुळीच दाद देत नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत या विद्येला तिच्या योग्यतेचे स्थान मिळाले आहे.

लवचिकता दोन प्रकारची असते. जोडीदाराने पाय दाबून खाली नेला तर तो जेथवर जातो ती एक, आणि स्वतःच्या स्नायूंच्या बळावर पाय जेथवर नेऊन धरता येतो ती दुसरी. कुस्तीत उपयोगी पडते ती दुसरी. पहिली आणि दुसरी यांत फार अंतर असेल, तर त्या मधल्या टप्प्यात सांध्यावर ताबा नसतो आणि इजा नेमकी तेथेच होते. मल्लखांबाचे वैशिष्ट्य हे की तो पहिल्या प्रकाराला वावच देत नाही. एरंडेल लावलेल्या खांबावर मांड्यांच्या पकडीने डोके खाली, पाय वर अशी अढी घालताना जांघेचे आतील स्नायू ताणले जात असतानाच घट्ट आवळावे लागतात. ढिले पडले की माणूस घसरला. बगलीत खांदा, सुईदोऱ्यात कंबर, ताजव्यात पाठ यांना हाच अनुभव येतो. ताणलेल्या अवस्थेतील ताकद जांघेचे स्नायू फाटण्यापासून वाचवते. आधुनिक क्रीडावैद्यकही आज या स्नायूंना बळकटी देण्याचाच आग्रह धरते.

या बाबतीत इंदूरचा होतकरू मल्ल भाग्यवान आहे. मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याच्या खेळाचा दर्जा दिला. इंदूरपासून जवळच असलेले उज्जैन हे मल्लखांबाचे मोठे केंद्र असून तेथील प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०२३ च्या प्रारंभी मध्य प्रदेशात भरलेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत मल्लखांबाच्या स्पर्धा उज्जैनमध्येच झाल्या. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब विशेष सोयीचा ठरला आहे. पूर्वी वेतावर होणारे हे काम चांगला वेत दुर्मिळ झाल्यावर सुती दोरीवर आले, आणि आता कुस्तीकडे वळणाऱ्या मुलीही त्याचा लाभ घेऊ शकतात. महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, हे येथे लक्षात घ्यावे. असे असूनही कित्येक तालमींत मल्लखांब आणि हौदा एकमेकांशी अबोला धरल्यासारखे राहतात. खांबावरची मुले कुस्ती खेळत नाहीत आणि कुस्तीची मुले खांबाला शिवत नाहीत. हा दुरावा विद्येच्या मूळ हेतूशी विसंगत आहे. आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास खांबावर काढला तरी होतकरू मल्लाला पुरेसे आहे. त्याने स्पर्धेतील अवघड उड्या शिकल्याच पाहिजेत असे मुळीच नाही.

क्रमाचे महत्त्व

ताण देण्याच्या व्यायामाची वेळ चुकली तर लाभाऐवजी तोटा होतो. मेहनतीच्या आरंभी, अंग थंड असताना, एकेक स्नायू मिनिट-मिनिटभर ताणून धरण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. दीर्घकाळ ताणून धरलेला स्नायू पुढील काही काळ आपली स्फोटक ताकद किंचित गमावतो, असे प्रयोगांनी दाखविले आहे. तेव्हा आरंभी अंग गरम करावे: हलके धावणे, सूर्यनमस्कार, पाय पुढे-मागे व बाजूस झुलवणे, खोल पावले टाकीत चालणे. दहा-बारा मिनिटांत घाम फुटला की लगेच पवित्र्याचे काम घ्यावे, कारण या वेळी मन व सांधे दोन्ही ताजे असतात. ताणून धरण्याचे व्यायाम मेहनत संपल्यावर, अंग ऊबदार असताना करावेत. प्रत्येक ताण वीस ते तीस सेकंद, दोन-तीन वेळा, श्वास न रोखता. ओढ जाणवावी, वेदना होऊ नये. जोडीदाराने पाठीवर बसून दाबण्याचा प्रकार सर्वथा बंद करावा. मान आणि पूल यांच्या बाबतीत विशेष जपावे. लहान मुलाने आधी हातांच्या आधाराने पूल करावा. मानेवर पूर्ण भार घेण्याची घाई नको.

पवित्र्याचा सराव कंटाळवाणा असतो हे कबूल केले पाहिजे. त्यावर उपाय म्हणजे त्याला खेळाचे रूप देणे. दोन मुलांनी पवित्र्यात समोरासमोर उभे राहून केवळ एकमेकांच्या गुडघ्याला हात लावण्याचा प्रयत्न करावा. ज्याचा गुडघा शिवला गेला तो हरला. दुसरा प्रकार असा की एकाने पवित्र्यात उभे राहावे आणि दुसऱ्याने त्याला खांद्यावर, कमरेवर, कधी पुढून कधी बाजूने हलके धक्के द्यावेत. ज्याला पाऊल उचलावे लागले त्याची पाळी गेली. हेच डोळे मिटून केले की तळपायांना जागेची जाण येऊ लागते. एक मिनिट पवित्रा, अर्धा मिनिट विसावा, असे सहा-सात फेरे पुष्कळ झाले. शेवटच्या दोन फेऱ्यांत वस्तादाने विशेष लक्ष ठेवावे. थकव्याने पवित्रा हळूहळू उंचावत जातो, गुडघे सरळ होतात, हात मांड्यांवर येतात. लढतीच्या अखेरच्या मिनिटात जे गुण जातात ते बहुतेक असे जातात, आणि मल्लाला वाटते की दम कमी पडला.

आठवड्यातून पाच दिवस असा क्रम ठेवल्यास सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसू लागतो. भिंतीजवळच्या खडूच्या रेघा या वेळी कामी येतात. दर पंधरवड्याला, शक्यतो एकाच वेळी आणि अंग तितकेच गरम असताना, पुन्हा मोजावे व नवी रेघ ओढावी. रेघ बोटभर जरी पुढे सरकली तरी मुलाला ती डोळ्यांना दिसते. ‘तुझा पवित्रा सुधारतो आहे’ या शब्दांपेक्षा त्याला तिचे मोल अधिक वाटते. रेघ मागे आली असेल तर प्रथम मुलाची उंची मोजावी, आणि मगच त्याच्या मेहनतीविषयी मत बनवावे.

इजेबाबत एवढे पथ्य पाळावे. मेहनतीनंतरचा स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत जातो, त्याची चिंता नको. परंतु सांध्याच्या आत टोचणारी कळ, गुडघा अडकणे वा अचानक दगा देणे, सूज, रात्री झोपमोड करणारी वेदना, मानेपासून हातात उतरणाऱ्या मुंग्या, यांपैकी काहीही आढळल्यास मालिश वा शेक यांवर न थांबता मुलाला अस्थितज्ज्ञाकडे न्यावे आणि त्यांच्या अनुमतीशिवाय जोड लावू नये. विश्रांतीच्या दिवसांतही त्याला तालमीत येऊ द्यावे. हौद्याच्या काठावर बसून दुसऱ्यांची पावले पाहण्याचे, कोणाची टाच उचलते आणि कोणाचा गुडघा आत पडतो हे हेरण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. परत हौद्यात उतरेल तेव्हा पहिले पंधरा दिवस त्याला केवळ पवित्रा आणि पावले द्यावीत. पट, ढाक आणि कलाजंग त्यानंतर.